सोलापुरात तापास वाटून खाल्ले, घरात व्हेज-नॉनव्हेज दोन्ही असताना. माझा अनुभव

घरात शाकाहारी माणूस असेल आणि तुम्ही विजापूर रोडच्या नवीन स्पॅनिश ग्रिलला जायचं ठरवत असाल, तर मेन्यू उघडायच्या आधी एकच विचारा, व्हेजची जाळी वेगळी आहे का. आम्ही बसल्या बसल्या हेच विचारलं, कारण आमच्या वैनी लिंगायत घरातल्या, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही, आप्पा आणि दादा पक्के मटणवाले, आई अंडं खाते पण मटण नाही, आणि अशी सगळी एकाच टेबलाला. वेटर पोरगा चांगला होता, आत जाऊन विचारून आला, कोळशाची भट्टी एकच आहे पण जाळ्या आणि चिमटे वेगळे ठेवतो म्हणाला, पाहिजे तर येऊन बघा म्हणाला. दादा बघून आला, मग वैनी निवांत बसल्या.

एवढं विचारायचं कारण असं की तापास म्हणजे स्पॅनिश पदार्थांच्या छोट्या छोट्या प्लेटा, त्यात आपापली थाळी नसते. स्पेनमध्ये लोक एका बारमध्ये उभ्या उभ्या एक-दोन छोट्या प्लेटा खातात आणि पुढच्या बारला जातात, इथे मात्र सगळ्या प्लेटा टेबलाच्या मधे येतात आणि सगळ्यांचे हात त्यातच. म्हणून आम्ही टेबलाची एक बाजू वैनी आणि आईची केली, तिकडच्या प्लेटांना वेगळे चमचे मागून घेतले आणि आमच्या घरच्या पोराला सांगून ठेवलं की तिकडं तुझा चमचा घालायचा नाही. हॉटेलवाल्यांना यात काही वावगं वाटलं नाही, सोलापुरात असं मिक्स घर काय नवीन नाही.

मेन्यूत व्हेज लिहिलंय म्हणून लगेच ऑर्डर देऊ नका, अंडं कुठं कुठं असतं ते माहीत पाहिजे. तोर्तिया म्हणजे बटाटा, कांदा आणि अंड्याचं जाड ऑम्लेट, ते तर उघडच आहे. पण अयोली नावाचा पांढरा सॉस असतो, तो जुन्या पद्धतीत नुसता लसूण आणि ऑलिव्ह तेल घोटून करतात आणि आता बऱ्याच हॉटेलात अंड्याच्या मेयोनीजमध्ये लसूण घालून देतात, आणि तो पातातास ब्रावास म्हणजे तळलेल्या बटाट्यावर लाल तिखट सॉसबरोबर ओतूनच येतो. आम्ही अयोली वेगळ्या वाटीत मागितला. मशरूमच्या क्रोकेताचंही, म्हणजे कटलेटसारख्या तळलेल्या गोळ्यांचंही विचारलं, कारण ब्रेडचा चुरा लावायच्या आधी तो अंड्यात बुडवतात, इथे मैद्याच्या पातळ पिठात बुडवतो म्हणाले, मग घेतले. एका प्लेटीत चारच येतात, आम्ही सहा, तर वेटर म्हणाला सहा करून देतो, पैसे त्या हिशोबाने लावतो. नग किती येतात हे प्रत्येक प्लेटीला विचारलेलं बरं, नाहीतर पोरांची भांडणं लागतात.

पायेया म्हणजे स्पॅनिश भात, तो खायचा असेल तर सगळ्यात आधी सांगा. भात ताजा शिजवून येतो, अर्धा-पाऊण तास सहज जातो. आम्ही व्हेज पायेया सांगितला आणि तो कशाच्या पाण्यात शिजवता तेही विचारून घेतलं, कारण भाज्यांचा असला तरी चिकनचं किंवा माशांचं पाणी वापरायची पद्धत आहे.

पहिल्यांदा थंड प्लेटा आल्या. गास्पाचो म्हणजे टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, शिळा ब्रेड, ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर वाटून केलेलं गार सूप. आई म्हणाली गार सूप कुणी पितं का, पण हे स्पेनच्या दक्षिणेतल्या ज्या अंदालुसियातलं आहे तिथं उन्हाळ्यात आपल्यासारखंच चाळीसच्या वर जातं, तिथं लोक दुपारी हेच पितात. बाहेर मे महिन्याचं ऊन, आईने अख्खा ग्लास संपवला. त्याच्याबरोबर भाजलेल्या ब्रेडवर कच्चा लसूण आणि पिकलेला टोमॅटो घासून, वर तेल आणि मीठ घातलेलं होतं, स्पेनमधल्याच कातालोनियाचा पदार्थ, इतकं साधं आणि इतकं चांगलं की परत मागवला.

पण सगळ्यात भारी होती कांद्याची पात. कातालोनियात कालसोत नावाचे लांब पांढरे कांदे हिवाळ्यात जाळावर अगदी काळे होईपर्यंत भाजतात, वरचं जळकं साल ओढून काढायचं, आतला मऊ गोड कांदा रोमेस्को सॉसमध्ये बुडवायचा आणि मान वर करून हाताने खायचा. इथे त्याऐवजी आपली जाड पात वापरतात. रोमेस्को म्हणजे भाजलेले बदाम, भाजलेला टोमॅटो, लसूण, वाळकी लाल मिरची आणि तेल असं सगळं वाटून केलेलं. आप्पांनी बोटाने चाटून बघितलं आणि म्हणाले, "अगं ही तर आपल्या शेंगाचटणीची बहीण दिसायलीय." खरंच तसंच लागतं, भाजलेल्या दाण्याचा तोच वास, फक्त तिखट कमी. वैनी आणि आई दोघींनी मिळून ती प्लेट संपवली आणि दुसरी आली तेव्हा मटणवालेसुद्धा तिकडंच वळले. मला विचाराल तर फक्त या पातीसाठी परत जाईन.

मटणाच्या चापा मीठ आणि लसणावर भाजलेल्या, मसाला नाही, वरून पिमेंतोन, म्हणजे ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड. दादाला आधी फिकं वाटलं, मग म्हणाला की मटण ताजं असलं की असंच पाहिजे, मसाल्याने चव झाकली जात नाही. लसणाच्या गरम तेलातली कोळंबी ठीक होती. पायेया शेवटी आला, केशराचा वास, तळाला लागलेली कुरकुरीत खरवड, ती उलथण्याने काढून सगळ्यांना थोडी थोडी दिली. ती मुद्दाम धरू देतात, म्हणून भात शिजताना ढवळत नाहीत.

पैशाचं म्हणाल तर एकेक प्लेट स्वस्त दिसते आणि बेरीज बघता बघता वाढते. आम्ही तीन-चार प्लेटा सांगायच्या, खाऊन घ्यायच्या, मग पुढच्या सांगायच्या असं केलं, त्यामुळे काहीच उरलं नाही आणि बिल आवाक्यात राहिलं. गोडात चुरोस घ्या, पीठ, पाणी आणि मीठ एवढंच असतं, विचारून घेतलं तर वैनींनाही चाललं, चीजकेकमध्ये मात्र अंडं असतं.

आणि एक, रविवारी भट्टी साडेबाराला पेटवतात, एकच्या आत गेलात तर बराच वेळ थंड प्लेटाच मिळतील. आम्ही पुढच्या वेळी दोनला जाणार, स्पेनमध्येही दुपारचं जेवण दोनच्या पुढेच असतं.