पैसे न खाणारा कारकून

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली. म्हणूनच असेल, घानाचे लेखक आयी क्वेइ आर्मा यांच्या 'द ब्यूटिफुल वन्स आर नॉट येट बॉर्न' (१९६८) या कादंबरीत मी अडकलो तो वॅगनपाशी.

पश्चिम आफ्रिकेतला घाना १९५७ साली इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. कादंबरीतला काळ आहे १९६६च्या आसपासचा. नायक रेल्वेत कारकून. त्याला नावच नाही. लाकडाचा एक व्यापारी येतो. माल जंगलात पडून, वॅगन मिळत नाही. नोटा पुढे करतो. हा घेत नाही. तर तो व्यापारी ह्यालाच दुष्ट ठरवून, शिव्याशाप देऊन निघून जातो! अगदी असंच होतं हो. जो खात नाही त्याचा राग सगळ्यांनाच येतो: पार्टीला (म्हणजे माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला), बरोबरच्यांना, हमालांनासुद्धा. "हा साहेबाचा माणूस दिसतोय," म्हणून आपण आलो की गप्पा बंद.

नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबेंना ही कादंबरी आजारी वाटली होती, आणि तो आजारही घानाचा नव्हे असं त्यांचं म्हणणं. मला नाही पटत. त्यांची रेल्वे आणि आपली रेल्वे बांधली एकाच मालकानं. मालक गेला, खुर्च्या आणि शिक्के राहिले. ऑफिसच्या जिन्याचा लाकडी कठडा आर्मांनी पानभर रंगवलाय: वरून पॉलिश, आत कुजलेलं लाकूड, आणि त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांनी पुसलेले हात. ते पान वाचून हात धुवावेसे वाटतात. (संडासाची वर्णनं मात्र जरा आवरती घेतली असती तरी चाललं असतं.)

नायकाची बायको ओयो त्याला चिचिडोडो म्हणते. ह्या पक्ष्याला विष्ठेचा तिटकारा, पण खातो त्यातल्याच अळ्या. नवऱ्याचा वर्गमित्र कूमसन मंत्री झालेला, त्याचं घर बघून आल्यावर ती आणखीनच धुमसते. मग २४ फेब्रुवारी १९६६ ला लष्कर राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांचं सरकार उलथवतं. कूमसन ह्यांच्याच घरी लपायला येतो आणि शेवटी संडासाच्या भोकातून पळतो. तेव्हा ओयो नवऱ्याला म्हणते, तू ह्याच्यासारखा झाला नाहीस, बरं झालं.

इथे मात्र आर्मांनी सोपं केलं. मंत्री पडला म्हणून तिला हे सुचलं. माझे साडू मालाच्याच खात्यात होते. त्यांचा बंगला दुमजली आहे, आणि आमच्याकडे हे वाक्य अजून कुणी बोललेलं नाही.