महापरिनिर्वाण एक्सप्रेस आणि आजींचं कुशीनगर

बुद्धाच्या आयुष्याशी जोडलेली स्थळं दाखवणारी महापरिनिर्वाण एक्सप्रेस ही पर्यटक गाडी २००७ पासून धावते. दिल्लीच्या सफदरजंग स्टेशनातून निघायचं आणि आठ दिवसांत गया, राजगीर, नालंदा, सारनाथ, लुंबिनी, कुशीनगर, श्रावस्ती करून परत यायचं. अंतर कापायला गाडी, स्थळं बघायला बस. वातानुकूलित डबे, जेवायला वेगळा डबा. लुंबिनी नेपाळात, त्यामुळे मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवाच.

सहप्रवासी बहुतेक थायलंड, श्रीलंकेचे. मराठी आम्ही मोजकेच. त्यात नागपूरच्या एक आजी, पांढरीशुभ्र साडी. पहिल्याच सकाळी ‘जय भीम, कुठचा रे बाबू तू?’ म्हणून ओळख झाली, मग सगळ्या प्रवासात त्यांनी माझ्या डब्यातला चिवडाही संपवला.

बोधगयेला तोबा गर्दी, राजगीरच्या गृध्रकूट टेकडीवर दमछाक. मला खरी ओढ कुशीनगरची होती, बुद्धाचं महापरिनिर्वाण म्हणजे देहान्त झाला ते ठिकाण. गोरखपूरला उतरून पन्नासेक किलोमीटर बस. मंदिरात सहा मीटर लांबीची, उजव्या कुशीवर पहुडलेली पाचव्या शतकातली बुद्धमूर्ती. त्या दिवशी थाई मंडळींनी तिच्यावर भगवं चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र, चढवलं. कोपरे ओढून, सुरकुत्या काढून, अगदी झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं तसं. त्यांनी ‘बुद्धं सरणं गच्छामि’ सुरू केलं. त्यांची चाल निराळी, आजींची आपल्या विहारातली. तिसऱ्या ओळीपर्यंत दोन्ही बरोबर आल्या.

हे मंदिर १९५६ मध्ये, बुद्धाच्या २५०० व्या महापरिनिर्वाण वर्षानिमित्त नव्याने बांधलं. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील दिलं ते भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी. मूळचे ब्रह्मदेशाचे, पण आयुष्य काढलं कुशीनगरात, तिथल्या बर्मी विहारात. म्हणून ‘बर्मी विहार बघितल्याशिवाय बसमध्ये चढायची नाही,’ हे आजींनी गोरखपूरलाच जाहीर करून टाकलं होतं. गाईडने हसून वेळ काढून दिला. विहारात पोचल्यावर आजींनी तिथल्या तरुण भिक्खूंना दीक्षाभूमीची गर्दी हातवारे करून सांगितली. त्या तेव्हा वडिलांच्या खांद्यावर होत्या म्हणे. भाषा कळत नसतानाही ते भिक्खू खाली बसून ऐकत होते.

पुढे श्रावस्तीच्या जेतवनात, बुद्ध जिथे राहायचे त्या उपवनात, निवांत फिरलो. शेवटी आग्रा. बुद्धयात्रेत ताजमहाल कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही. आजी तर बसमधून उतरल्याच नाहीत. ‘तू जाऊन ये,’ म्हणाल्या, ‘अन् येताना पेठा आण.’