चौसष्ट घरं आणि तीन रोबो

नागपुरात त्रिमूर्तीनगरला मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. या शहरात हे काम करणं भाग्याचं आहे. रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि थेट ग्रँडमास्टर किताब मिळवला. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला ही दोन नावं पाठ असतात. येतात तीच मुळी हल्ला करायच्या उत्साहात. वजीर बाहेर काढायचा, शह द्यायचा, मारामारी करायची. समोरच्याचा उंट तिरक्या रेषेवर कधीचा दबा धरून बसलाय, हे मात्र मोहरं गेल्यावरच दिसतं.

आपली चाल खेळण्याआधी समोरच्याची चाल बघणं, ही एकच गोष्ट शिकवायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो. म्हणून नवतपातल्या त्या दुपारी घडलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

उन्हामुळे मोजकीच मुलं आली होती. कूलरसमोरची जागा पकडून सातवीतला एक मुलगा ताईचा लॅपटॉप उघडून बसला होता. हा आमच्यातला सर्वांत धडाडीचा खेळाडू, आणि बचावात सर्वांत कच्चा. वर्गात गेम चालत नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून मी जवळ गेल्यावर घाईनं म्हणाला, "सर, एकदा पाहा ना. बुद्धिबळासारखंच आहे. आठ बाय आठचा पट आहे."

खरंच होता. खेळाचं नाव 'इनटू द ब्रीच'. सबसेट गेम्सच्या जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस यांचा, २०१८ मध्ये आलेला. चौसष्ट घरांचा छोटासा मुलूख, त्यावर इमारती, डोंगर, पाणी. जमिनीखालून महाकाय किडे वर येतात आणि आपल्याकडे तीन अवाढव्य रोबो असतात, प्रत्येकात एक पायलट. एक ठोसा मारतो, एक तोफ डागतो, एक लांबून गोळा फेकतो. आधी किडे सरकतात, मग आपण, मग पुन्हा किडे. घाई अजिबात नाही. हवा तितका वेळ विचार करा.

मी खुर्ची ओढून बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. किडे आपल्या जागेवर जाऊन उभे राहतात, पण लगेच मारत नाहीत. कोण कुठल्या घरावर हल्ला करणार, ते पटावर उघड दिसतं. एक बटण दाबलं की कोण आधी आणि कोण नंतर, तो क्रमही आकड्यांत दिसतो. हे सगळं समोर ठेवून मग आपली पाळी येते. जे मुलांना दिसावं म्हणून मी घसा कोरडा करतो, ते या खेळानं सरळ पटावर मांडून ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट हळूहळू उमगली. इथे किडे मारणं महत्त्वाचं नाहीच. लढाई चार-पाच फेऱ्यांची असते, तेवढा वेळ इमारती टिकवायच्या. इमारतींत माणसं राहतात आणि विजेचं जाळंही त्यांच्यावरच चालतं. इमारत पडली की वीज कमी होते, आणि ती शून्यावर आली की सगळं हरलो. म्हणून शक्ती कमी असली तरी चालतं, धक्का कुठून द्यायचा ते कळायला हवं. किड्याला एक घर ढकललं की त्याचा हल्लाही त्याच्याबरोबर एक घर सरकतो. मग तो रिकाम्या जागेवर वार करतो, नाहीतर आपल्याच भाईबंदावर. पाण्यात ढकलला आणि उडणारा नसला, तर बुडतो.

मुलगा आपल्या सवयीप्रमाणे खेळत होता. समोर दिसेल त्या किड्याला ठोसा. दोन इमारती गेल्या, विजेचा शेवटचा एकच ठोकळा उरला. अख्ख्या लढाईत एकदाच फेरी पहिल्यापासून खेळता येते, ती मुभाही त्यानं वापरून टाकली होती. तोफवाल्या रोबोनं एका किड्याला अर्धमेला करून तो म्हणाला, "सर, आता हा पुढच्या वेळी मरते."

"पुढची वेळ येईल का?" मी विचारलं. "आत्ता इमारतींवर किती जण नेम धरून आहेत, ते मोज."

त्यानं बोट ठेवून मोजलं. चार. हातात रोबो उरलेले दोन. बाकीची मुलंही आता मागे येऊन उभी राहिली.

त्यानंतरचा बराच वेळ माझ्या शिकवण्याच्या आयुष्यातला फार सुंदर वेळ होता. कोणी काही सुचवायचं, दुसरा खोडून काढायचा. शेवटी चौथीतल्या एका मुलीनं, जी वर्गात सहसा बोलत नाही, दोन किड्यांमधल्या रिकाम्या घरावर बोट ठेवलं. "गोळा इथे टाका ना." लांब फेकायचा गोळा पडतो त्या घराला इजा करतो आणि चारही बाजूंच्या घरांवरच्यांना बाहेर ढकलतो. रिकाम्या घरावर टाकला, तर डावीकडचा किडा पाण्यात जाणार होता. उजवीकडचा एक घर सरकून नेमका त्या अर्धमेल्या किड्याला मारणार होता, आणि क्रमात तो त्याच्या आधी होता. एका गोळ्यात तीन हल्ले निकालात. पोरांनी टाळ्या पिटल्या.

चौथा उरला. लांबून सरळ रेषेत थुंकणारा, मोठ्या जातीचा. त्याला ढकलता येईल इतक्या जवळ ठोसेवाला रोबो पोहोचत नव्हता. तो फक्त मध्ये उभा राहून वार अंगावर घेऊ शकत होता. पण त्या वारात रोबो पडणार, आणि रोबो पडला की आतला पायलट मरतो. इथे मुलगा अडला. या खेळात हरलात तर एक पायलट वाचवून दुसऱ्या काळात पाठवता येतो, आणि हा पायलट त्यानं असाच आधीच्या हरलेल्या डावांतून वाचवत, शिकवत आणला होता.

"सर, बिल्डिंग वाचू पण शकते ना," तो म्हणाला. "पंधरा टक्के चान्स दाखवून राहिला आहे."

इमारत एखादा वार झेलून जाण्याची तेवढी शक्यता खेळात असते. मी काही बोललो नाही. पंधरा टक्क्यांवर सगळा डाव लावणं म्हणजे काय, हे त्याला स्वतःलाच तोलू द्यायचं होतं. वर्गात हाच मुलगा "त्याला दिसणार नाही" या भरवशावर मोहरं उघडं टाकून हल्ला करतो. बराच वेळ तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग रोबो उचलून त्यानं मध्ये उभा केला.

इमारत वाचली, लढाई सुटली, पायलट गेला. त्याचे डोळे भरून आले होते.

मी लगेच पट मांडला. १९५३ च्या झुरिच स्पर्धेतला रेशेव्स्की–पेट्रोशियन डाव. पेट्रोशियन म्हणजे बचावासाठी नावाजलेला, पुढे जगज्जेता झालेला खेळाडू. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्यानं हत्ती ई६ या घरावर नेला ती जागा. शांतपणे, पांढऱ्याच्या उंटाच्या तोंडी. पांढऱ्याची मधली प्यादी पुढे सरकणार होती. ती अडवायला काळ्याला घोडा चांगल्या घरात आणायचा होता, आणि त्याची किंमत म्हणून त्यानं हत्ती देऊ केला. डाव बरोबरीत सुटला. ही चाल मी या मुलांना आधीही दाखवली होती, तेव्हा त्यांना ती विचित्र वाटली होती. आज मुलानं पटाकडे पाहून विचारलं, "सर, पण इथे तो काय करणार आहे ते दाखवत नाही ना?"

"नाही दाखवत. इथे ते आपण काढायचं."

मग मला सुचलं ते असं. आगपेटीतल्या काड्या आणल्या. समोरच्यानं चाल केली की आपण मोहऱ्याला हात लावण्याआधी, त्याचं कुठलं मोहरं कुठे मारू शकतं, तिथे काडी ठेवायची. सगळ्या काड्या ठेवून झाल्यावरच आपली चाल. पहिल्या डावात पटभर काड्याच काड्या झाल्या, मोहरी दिसेनात. तेव्हा ठरवलं की ज्या माराला आपल्याकडे उत्तर नाही, तेवढ्यालाच काडी. हे ठरवताना मुलांना खरा आणि पोकळ धोका यांतला फरक करावाच लागतो, आणि तो ते आपापसांत भांडून करतात. त्या मुलाच्या डावात आता वजीर फुकट जाणं जवळजवळ थांबलं आहे.

काड्यांनी एका चालीपुढचं मात्र दिसत नाही. समोरचा तीन चालींनंतर कुठे पोहोचू पाहतोय, हे त्या खेळातही नाही, कारण तिथले किडे चालू फेरीपलीकडचे बेत आखत नाहीत. माणूस आखतो. त्यासाठी पेट्रोशियनचे आणखी काही डाव काढून ठेवले आहेत. मुलांनी काळ्याच्या बाजूला बसून पांढऱ्याचा बेत कागदावर लिहायचा, मगच पुढची चाल उघडायची, असं करून बघतो आहे. चौथीतली ती मुलगी सध्या यात सगळ्यांच्या पुढे आहे.