बेरीज ऐकलीच नाही

जुन्या रेकॉर्डी डिजिटल करून द्यायचं काम मी पुण्यात करतो. त्यात ऐकणं कमी. धुणं, सुकवणं आणि ‘सीडी नाही, पेन ड्राइव्हवर मिळेल’ हे समजावणं जास्त.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षक आले. पिशवीत एकच एलपी, नाट्यगीतांची. वडिलांची. कव्हरवर ठसठशीत ‘स्टिरिओ’.

कव्हरवर मी विश्वास ठेवत नाही. आपल्या घरांमधून रेकॉर्ड हाताला लागेल त्या कव्हरात जाते. बघायचं ते लेबल. एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर क्रमांकाआधी ‘ईएएलपी’ किंवा ‘ईसीएलपी’ असेल तर मोनो, म्हणजे डावी-उजवीकडे एकच आवाज; ‘ईएएसडी’ किंवा ‘ईसीएसडी’ असेल तर स्टिरिओ, दोन्हीकडे वेगवेगळा. इथे नेमकी त्याच जागी वडिलांच्या नावाची चिठ्ठी, डिंकाने चिकटवलेली. ती भिजवून काढू द्यायला सर तयार नव्हते. मलाही धीर झाला नसता.

मग नेहमीची परीक्षा. स्टिरिओ कार्ट्रिजने, म्हणजे सुई बसवलेल्या डबीने, वाजवायची, कॉम्प्युटरवर एका चॅनेलची फेज उलटी करायची आणि दोन्ही चॅनेल मिसळायचे, म्हणजे एकातून दुसरा वजा. मोनो खाचेत सुई फक्त आडवी हलते, त्यामुळे दोन्हीकडे एकच सूर असतो आणि वजाबाकीत तो जातो. गायक, ऑर्गन, तबला, सगळं जवळजवळ नाहीसं होतं. उरते ती करकर, कारण धूळ आणि ओरखडे सुईला उभंही नाचवतात. नकली स्टिरिओ असेल, म्हणजे मोनो टेपच इकडे खर्ज तिकडे तार अशी वाटून छापलेली, तर गाण्याचं भूत मागे राहतं. इथे गाणं पार गेलं.

“अहो, पुसलं की काय?” सर उठूनच उभे राहिले.

ही परीक्षा झाल्याशिवाय मी मोनो कार्ट्रिज लावत नाही. काही जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई वरखाली लवतच नाही; चुकून स्टिरिओ रेकॉर्डवर फिरली तर तिच्या उभ्या लहरी खरवडून काढते. (हल्ली ‘मोनो’ म्हणून विकतात त्यातली बरीच आतून स्टिरिओच असतात, तारा एकत्र जोडलेल्या. काम होतं, पण किंमत बघून चीड येते.)

मोनो ठरली. माझा पाठ तयार होता: स्टिरिओ येण्याआधीच्या घडणीच्या मोनो एलपीला १ मिलची, म्हणजे टोकाची त्रिज्या २५ मायक्रॉन असलेली गोल सुई, स्टिरिओला ०.७ मिल, साधारण १८ मायक्रॉन. हौशी मंडळींनी या २५चा देव्हारा केलाय आणि त्यातला पुजारी मीही. लावली. प्रत्येक तान वर गेली की आवाज फाटायचा, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. सुईवरचं वजन बदललं, रेकॉर्ड पुन्हा धुतली, तरी तेच.

‘सर, रेकॉर्ड गेलीय’ हे वाक्य ओठांवर होतं, तेवढ्यात ते म्हणाले, “आमच्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरची सुई वडिलांनी कधी बदललीच नाही हो.”

झिजून चपटी झालेली सुई खाचेची भिंत एका ठरावीक उंचीवर ओरबाडते. माझी २५ची सुई बरोबर त्याच जखमेवरून चालली होती. १८ची तिच्या खाली बसते. आणि १८ची तर मघाशीच वाजली होती, परीक्षेत! मी फक्त वजाबाकी ऐकली, बेरीज ऐकलीच नाही. तीच फाइल उघडली, फेज सरळ केली, दोन्ही चॅनेल मिसळले. उभी करकर बेरजेत आपोआप गळाली आणि तान वरपर्यंत सबंध गेली. सर काही बोलले नाहीत. चिठ्ठीचा सुटत आलेला कोपरा अंगठ्याने दाबत बसले.

ते गेल्यावर वही काढली. सहा वर्षांत ‘झीज, परत’ असा शेरा मारलेल्या एकोणीस मोनो एलपी. प्रत्येकीची परीक्षा १८च्या सुईने झालेली, आणि प्रत्येक परीक्षेची फाइल मी त्याच संध्याकाळी डिलीट केलेली. जागा अडते म्हणून.

एकेकाला फोन करतोय. दोघांनी रेकॉर्डी पुन्हा पाठवल्या. तिसरा फोन नाशिकच्या एका बाईंना.

“अहो, तुम्हीच म्हणालात ना गेलीय म्हणून. नातवाने तिचं भिंतीवरचं घड्याळ केलं. मधे भोक होतंच.”

मी काही बोललो नाही, तेव्हा त्याच म्हणाल्या, “छान चालतं हो.”