तुम्ही विचारलंत म्हणून: ओट्यावरच्या पोरांना भाकर

"तिथं कोणी नाही, असं तुम्ही आईला स्पष्ट सांगत का नाही? खोटं वागताना काही वाटत नाही?" घरी येणारं माणूस चहा संपायच्या आत हे विचारतंच.

माझ्या मायला आजारपणामुळं रिकाम्या ओट्यावर पोरं दिसतात. चार-पाच, उघडी, धुळीनं माखलेली. चोपड्याकडच्या आमच्या वावरात कापूस वेचायला सातपुड्यातून मजूर यायचे, त्यांची पोरं दिवसभर बांधावर बसलेली असायची. शाळा कसली आलीय! माय त्यांच्यासाठी कळण्याच्या दोन भाकरी जास्तीच्या थापायची. आता दिवस कलला की सांगते, "त्यास्ले भाकर दे, उपाशी शेतस."

पहिले सहा महिने मी वाद घातला. ओट्यावर जाऊन हवेत हात फिरवून दाखवला. माय बघतच राहायची. तिच्या डोळ्यांसमोर पोरं उपाशी आणि पोटचा मुलगा नुसता हात हलवतोय! आता मी "मलाही दिसताहेत" म्हणत नाही, "नाहीत" असंही म्हणत नाही. "थांब, ठेवतो" म्हणतो आणि चतकोर ताटलीत ठेवतो. ती निवांत होते, गल्लीतल्या कुत्र्याचंही भागतं. यात खोटं काय ते मला अजून कळलेलं नाही.

आजार लेवी बॉडी डिमेन्शिया, स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार. यात अनेकदा विसरणं ठळक व्हायच्या आधीच माणसं, लहान मुलं, जनावरं लख्ख दिसू लागतात. शेजारच्या काकूंनी 'बाहेरचं' म्हणून उतारा सुचवला होता. असो.

पण सगळंच भाकरीवर निभत नाही. एका मे महिन्यात, पारा 45 च्या आसपास असताना, एका रात्रीत पोरं गेली आणि कोयते घेतलेली माणसं आली. माय किंचाळत कोपऱ्यात. दवाखान्यात शांत करायचं इंजेक्शन दिलं, तर दोन दिवस ती लाकडासारखी ताठ, घास गिळेना. या आजारात हॅलोपेरिडॉलसारखी भास दाबणारी औषधं फार भारी पडतात, जिवावरही बेततात. मला माहीत नव्हतं, आणि देणाऱ्यानं आजार कोणता ते विचारलं नाही. आता निदानाचा कागद माझ्या पाकिटात असतो. खरं कारण निघालं लघवीचं इन्फेक्शन. रात्री उठावं लागतं म्हणून माय पाणीच टाळत होती. म्हणून सांगतो, भास एकाएकी बदलले, तर आजार वाढला असं धरून बसू नका. लघवी तपासा, पोट साफ आहे का बघा, सर्दीची किंवा झोपेची नवी गोळी सुरू झालीय का ते डॉक्टरांना सांगा.

घरात थोडी उलथापालथ केली. खुंटीवरचा सदरा रात्री माणूस व्हायचा, तो काढला. झिरोचा बल्ब जाऊन चांगला दिवा आला. मोतीबिंदू काढून घेतला, कारण नजर अधू असली की भासांना आणखी फावतं. कपाटाच्या आरशावर जुनं लुगडं टाकलं, त्यात बघून ती विचारायची, "हाई डोकरी कोन शे?" त्याचं मात्र उत्तर मला कधीच देता आलं नाही.

परवा ताटली ठेवली तर म्हणाली, आज एकच आलाय. मी विचारलं, "बाकीचे कुठं गेले?"

"शाळामा गयात."