सोळा अँपिअर

गेम सुरू केला की दहा-बारा मिनिटांत पीसी बंद पडतो, ही तक्रार आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर नवी नाही. बहुतेक वेळा कूलरमध्ये धूळ निघते, नाहीतर प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली. पण हे मशीन जेमतेम पाच महिन्यांचं होतं. बदलापूरहून बहीण-भाऊ घेऊन आले होते. भावाचं बारावी झालेलं, पैसे बहिणीचे. एकूण बिल मॉनिटर धरून ₹65,000 च्या आसपास. मधल्या काळात कोणीतरी "लाइटचा प्रॉब्लेम आहे" असं सांगितलं म्हणून त्यांनी 600 व्हीएचा यूपीएससुद्धा घेतला होता. त्यानं काही फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता.

मशीन उघडायच्या आधी मी बिल मागून घेतो. त्या मुलानं बिलाबरोबर मोबाइलमधली स्वतःची यादीही दाखवली. यादी अगदी बरोबर होती: रायझन 5 5600 प्रोसेसर, बॉक्स पीस, बी550 चिपसेटचा बोर्ड, 8 जीबीच्या दोन रॅम 3200 मेगाहर्ट्झच्या, आरएक्स 6600 ग्राफिक्स कार्ड, 1 टीबीची एनव्हीएमई एसएसडी, 550 वॅटचा ब्राँझ एसएमपीएस (सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट. त्या बजेटमध्ये, तेव्हाच्या बाजारात, पहिल्या गेमिंग पीसीसाठी मीही हेच लिहून दिलं असतं.

बिलावर मात्र प्रोसेसर 'ट्रे' होता, म्हणजे बॉक्स आणि कूलरशिवायचा. बोर्ड ए520, एक पायरी खालचा. रॅम एकच, 16 जीबीची. एसएमपीएस ₹1,100 चा, आणि कॅबिनेट ₹5,200 चं, पुढून अख्खी काच आणि आत रंगीत दिव्यांचे तीन पंखे. कार्ड आणि एसएसडी तेवढी यादीप्रमाणे.

"दादा, काउंटरवाले म्हणाले तेच आहे, कंपनी फक्त वेगळी," मुलगा म्हणाला. "तेच आहे" हे दोन शब्द आमच्या धंद्यात जेवढं नुकसान करतात तेवढं पावसाचं पाणीही करत नसेल.

मशीन लावलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर 41 च्या नोंदींची रांग होती. ही नोंद पाहून पुष्कळ जण थेट एसएमपीएस बदलतात, पण तिचा अर्थ एवढाच की मशीन आधी नीट शटडाउन न होताच पुन्हा सुरू झालं. का, ते ती सांगत नाही. निळी स्क्रीन आली का, आधी गेम अडखळला का, पंखे जोरात फिरले का, असं मुलाला विचारलं. नाही. सगळं सुरळीत चालू असताना टक् करून अंधार. असं होतं तेव्हा रॅम किंवा ड्रायव्हरपेक्षा संशय विजेवर जास्त जातो.

एसएमपीएसच्या बाजूचं लेबल वाचायला कॅबिनेटचं मागचं झाकण काढावं लागलं. वर मोठ्या अक्षरात 500 वॅट. खाली तक्त्यात +12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर. गुणाकार करा: 192 वॅट. उरलेले वॅट 3.3 आणि 5 व्होल्टच्या लाइनीवर दाखवलेले, आणि आजच्या मशीनमध्ये तिथे फारसं कोणी काही घेतच नाही. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही 12 व्होल्टवरच जगतात. रायझन 5 5600 पूर्ण जोरात 76 वॅटपर्यंत जातो, आरएक्स 6600 चे 132 वॅट. इथेच 208 झाले. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून आणखी 40-50. म्हणजे लागतात 250 च्या आसपास, आणि लेबल स्वतःच सांगतंय 192. लेबलावरचा हा आकडा खरा आहे असं मानलं, तरी.

चांगल्या 550 वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात 43 ते 45 अँपिअर लिहिलेले असतात, म्हणजे जवळजवळ सगळे वॅट 12 व्होल्टवर. ब्राँझ, गोल्ड हे शिक्के वीज किती वाया जाते ते सांगतात. आत शॉर्टसर्किट आणि ओव्हरलोडपासून संरक्षण कसं आहे ते त्या शिक्क्यावरून कळत नाही. म्हणून आधी 12 व्होल्टचे अँपिअर बघायचे, शिक्का नंतर.

लेबल वाचून निकाल देणं मला पटत नाही, म्हणून मीटर लावला. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा 12 व्होल्टचा आकडा मी धरत नाही, तो बोर्डाच्या सेन्सरवर अवलंबून असतो. मीटरची काळी पिन काळ्या वायरीत, लाल पिन पिवळ्या वायरीत, मोकळ्या मोलेक्सवर, म्हणजे चार पिनच्या जुन्या कनेक्टरवर. डेस्कटॉपवर नुसतं बसलेलं असताना 11.9. ओसीसीटी या तपासणीच्या सॉफ्टवेअरची पॉवर टेस्ट सुरू केली, ती प्रोसेसर आणि कार्ड दोघांना एकदम कामाला लावते. 11.6. 11.4. इथपर्यंत नियमात बसतं, कारण पाच टक्के कमी-जास्त चालतं. 11.1 दिसलं आणि मशीन गेलं. सहा मिनिटं.

मग कार्डाची केबल काढायला गेलो, तर ती निघेना.

या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डाची आठ पिनची केबलच नव्हती. बसवणाऱ्यानं एका मोलेक्सवरून आठ पिन करणारा कन्व्हर्टर लावला होता, आणि त्याच लाइनीवर पुढचे तीनही पंखे. बोर्डाच्या स्लॉटमधून मिळतं ते वगळलं तरी या कार्डाला केबलवरून 80-90 वॅट लागतात, म्हणजे साधारण सात अँपिअर, एका पिवळ्या बारीक वायरीतून. कन्व्हर्टर दोन्ही टोकांना धरून, अगदी हळू हलवत मोकळा केला. मोलेक्सचं पांढरं प्लॅस्टिक पिवळ्या वायरीच्या भोकापाशी चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं, भोक गोल न राहता एका बाजूला ओघळलेलं. नाकाजवळ नेलं तर जळका वास अजून होता. तो मी ताईंच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "हे मशीन रात्री चालू ठेवून आम्ही झोपत होतो. डाउनलोड लावून."

नुसतं डाउनलोड चालू असताना कार्डावर भार नसतो, असं मी त्यांना सांगितलं. ते खरं आहे. पण हा कन्व्हर्टर बसवणाऱ्याला तो काय करतोय हे माहीत नसेल, असं मानायला माझं मन तयार नाही. आठ पिनची केबल नसलेला एसएमपीएस हातात आला, तिथेच थांबायला हवं होतं.

टेबलावरचा आमचा 650 वॅटचा एसएमपीएस जोडला. मशीन तासभर त्याच टेस्टवर उभं राहिलं. दोष सापडला होता. पण प्रोसेसरचं तापमान 89-90 वर अडकलेलं होतं, आणि या प्रोसेसरची मर्यादाच 90 अंश आहे. तिथे पोचला की तो बंद पडत नाही, वेग कमी करून स्वतःला वाचवतो. बॉक्स पीस असता तर एएमडीचा कूलर सोबत आला असता. ट्रेबरोबर त्यांना एक छोटा कूलर वेगळा विकला होता.

तो काढताना एक काळजी घ्यावी लागते. एएम4 या सॉकेटच्या प्रकारात पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट घट्ट धरते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर लॉक लावलेलं असूनही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. म्हणून आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करायची, बंद करून वायर काढायची, आणि कूलर डावी-उजवीकडे पिळत पिळत सुटा करायचा, मगच उचलायचा. तसा उचलला. कूलरच्या तळाला संरक्षणासाठी असलेली पारदर्शक फिल्म तशीच होती. पेस्ट फिल्मवर लावलेली. फिल्म काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट. 89 चे 74 झाले.

मग पैसे न लागणाऱ्या गोष्टी. रॅम 3200 ची, पण सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये 1200 दिसत होतं, म्हणजे दुप्पट करून 2400. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगानं चालवणारं सेटिंग, चालूच केलं नव्हतं. 144 हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये 60 वर होता. पाच महिने. मुलाला वाटत होतं आपलं कार्ड हळू आहे. या दोन सेटिंगांना मिळून पाच मिनिटं लागतात, आणि मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देताना ती न करणं ही मला कामचुकारीच वाटते.

ताईंकडे ₹6,000 होते, त्याच्या वर नाही. एसएमपीएस ₹4,200, त्यावर चर्चा नव्हती. उरलेल्यात बोर्ड बदलायचा की रॅम? ए520 मध्ये पीसीआयई 4.0, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसरमधला जास्त वेगवान रस्ता, नाही, आणि आरएक्स 6600 त्या रस्त्याच्या आठच लेन वापरतं, म्हणून थोडा फटका बसतो. पण थोडाच. 65 वॅटचा प्रोसेसर तो बोर्ड सांभाळतो. एकट्या रॅममुळे मात्र दोनऐवजी एकच चॅनल चालतं, मेमरीचा रस्ता निम्मा होतो, आणि गेममधले झटके तिथून येतात. म्हणून 16 ची एक बदलून 8 च्या दोन दिल्या, वर ₹900 घेतले. या बोर्डाला दोनच स्लॉट आहेत; चार असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्यात आणि चौथ्यात लावायच्या. त्याच गेममध्ये, त्याच जागी, सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा सगळ्यात खाली जाणारा आकडा 52 वरून 81 वर आला. तरी उद्या त्यानं चार लेनवालं एखादं कार्ड घेतलं तर हाच बोर्ड आडवा येईल. बोर्ड ठेवायला सांगितलं ते योग्य झालं का, यावर मी अजून विचार करतोय.

पुढच्या काचेमागून पंख्यांना हवा बाजूच्या बोटभर फटीतूनच मिळत होती. काच काढून बघितली, कार्डाचं तापमान 84 वरून 72. मुलाचा चेहरा उतरला, त्याला ती काच आवडत होती. ताई म्हणाल्या, "दिवे राहू देत, काच कपाटात ठेव."

मला राहून राहून त्या मुलाची यादी आठवते. त्यानं दोन महिने वाचून, बघून ती केली होती. तिच्यात काय घ्यायचं ते होतं, ते का घ्यायचं हे कुठेच नव्हतं. त्यामुळे काउंटरवर एकेक ओळ बदलत गेली तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि पैसे ताईचे म्हणून वाद घालायचा धीर नव्हता. "एसएमपीएस कोणताही द्या, 12 व्होल्टवर 40 अँपिअर आणि कार्डाची आठ पिनची स्वतःची केबल पाहिजे" असं वाक्य लिहिलेलं असतं तर ₹1,100 चा डबा आपोआप बाद झाला असता. "रॅम दोन, कारण दोन चॅनल." "कॅबिनेट पुढून जाळीचं, कारण हवा." आता कोटेशन देताना मी प्रत्येक ओळीपुढे हे कारण हातानं लिहितो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जाऊन कुठूनही घ्या म्हणतो, पण कारणाला धक्का लागणार असेल तर घेऊ नका.

शेवटी कार्डाचा कनेक्टर भिंगाखाली धरला. आठपैकी एका पिनेभोवतीचं काळं प्लॅस्टिक किंचित चकाकत होतं, म्हणजे तिथे उष्णता पोचली होती. पिन सरळ होती, नवी केबल क्लिक करून घट्ट बसली, दोन तासांच्या टेस्टमध्ये काही झालं नाही. ताईंनी विचारलं, "कार्ड टिकेल ना?" कमी व्होल्टवर पाच महिने ओढलेल्या कार्डाबद्दल हो म्हणणं मला जमलं नाही. आज ठीक आहे, एवढंच म्हणालो, आणि बिलावर वॉरंटी फक्त एसएमपीएस आणि रॅमची लिहिली. जळका कन्व्हर्टर आणि जुना एसएमपीएस त्यांनी पिशवीत घालून नेला, पहिल्या दुकानात दाखवायला; मीटरचे आकडे मी कागदावर तारखेसह लिहून दिले. मशीन दोन महिन्यांनी परत आणायला सांगितलंय. तेव्हा आधी तीच पिन बघणार आहे.