पिल्लू तोंड उघडतंय, पण आवाज नाही

कोंबडीची पिल्लं आणल्यावर सहाव्या दिवशी सकाळी ब्रूडरमध्ये (पिल्लांना बल्बची ऊब द्यायची बंदिस्त जागा) डोकावले तर एक पिल्लू पिसं फुगवून बल्बखाली बसलेलं. मान वर ताणायचं, चोच आ करायचं, परत मिटायचं. संध्याकाळपर्यंत अशी चार झाली आणि दुसऱ्या दिवशी दोन मेली.

आधी वाटलं गरम होत असेल, कारण उकाड्यात पण पिल्लं तोंड उघडून धापा टाकतात. पण मग ती बल्बपासून लांब पळतात, पंख पसरून बसतात. ही उलट चिकटून बसलेली, आणि पिल्लांच्या उंचीला धरलेला थर्मामीटर ३३ दाखवत होता, म्हणजे पहिल्या आठवड्याला ठीकच.

ज्याला विचारलं तो म्हणाला सीआरडी (जंतूंमुळे होणारा श्वासाचा आजार) आहे, अँटिबायोटिक सोड पाण्यातून. मी पण लगेच सोडलं. चार दिवस रोज सकाळी औषधाचं ताजं पाणी, आणि रोज एखाद-दुसरं पिल्लू जातंच आहे. त्यात भर म्हणून थंडी लागत असेल समजून खिडकीला पोतं लावलं, तो गाढवपणा वेगळाच.

शेवटी मेलेली दोन पिल्लं फ्रीजमध्ये ठेवून (फ्रीजरमध्ये नाही हं, गोठली की आतलं नीट कळत नाही) डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पोट फाडून कात्रीच्या टोकाने फुप्फुस दाखवलं, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे पिवळट पांढरे दाणे. बुरशी. मग पहिलाच प्रश्न, "भुसा कुठला टाकलाय?" आणि माझ्या डोळ्यासमोर ते मागच्या पावसात एका बाजूने भिजलेलं भुशाचं पोतं आलं, वरून कोरडं दिसलं म्हणून ब्रूडरमध्ये ओतलेलं.

बुरशीवर अँटिबायोटिक काय करणार, शून्य. आणि पिल्लांना चालेल असं दुसरं औषधही फारसं नाही. हा रोग एका पिल्लाकडून दुसऱ्याला लागत नाही, पण सगळी तोच भुसा उकरून तीच धूळ ओढत असतात म्हणून साथ आल्यासारखं दिसतं. त्यात पक्ष्यांच्या फुप्फुसाला हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, श्वासातनं गेलेलं पार पोटापर्यंत पोचतं.

मला आता चुटपुट लागते ती आवाजाची. सीआरडीत घरघर येते, रात्री सगळं शांत झाल्यावर ब्रूडरशेजारी पाच मिनिटं बसलं तरी ऐकू येते, पिल्लू कानाशी धरलं तर खर्रखर्र स्पष्ट कळते, नाकपुड्यांना धूळ चिकटते, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस दिसतो. (ते जंतू कोंबडीकडून अंड्यातूनच येऊ शकतात, त्यामुळे पिल्लं कुठून घेतली ते महत्त्वाचं.) माझी पिल्लं धापा टाकत होती पण बिनआवाज. मी बघत बसले, ऐकलंच नाही.

आणि एका रात्रीत अर्धा लॉट शिंकायला लागला तर ते बहुतेक व्हायरसचं, ब्राँकायटिस नाहीतर मानमोडी. तिथे अंदाज बांधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरला गाठा. झपाट्याने मरायला लागली तर उघड्या हातांनी उचलू पण नका.

घरी आल्यावर नाकाला मास्क बांधून सगळा भुसा काढला, लांब नेऊन पुरला, ब्रूडर धुऊन उन्हात वाळवला, पोतं खिडकीवरून काढलं. भुसा काढायच्या आधी ब्रूडरमध्ये गुडघ्यावर बसून पिल्लांच्या उंचीला नाक नेलं तेव्हा कळलं की तिथे अमोनियाने डोळे चुरचुरतायत, उभं असताना मला काहीच वास येत नव्हता. म्हणजे बुरशी होतीच, वर मी कोंडून पण ठेवलेलं. भांड्याभोवतीचा ओला भुसा आता रोज काढते.

नवीन भुसा टाकल्यावर नवीन पिल्लू आजारी पडलं नाही. आधी आजारी पडलेल्यांपैकी एकच वाचलं. आता मोठं झालंय, खातंपितं, पण दाण्यासाठी पळत आलं की बाकीच्या कोंबड्या टिपायला लागतात आणि ते थोडा वेळ चोच उघडून नुसतं उभं राहतं.